पहिला टीव्ही रेकॉर्डर घेताना: गोव्यातल्या घरासाठी निवड, खर्च आणि जोडणी

दुकानात जाऊन 'रेकॉर्डिंग होणारा सेट टॉप बॉक्स दाखवा' म्हटले की काउंटरवर चार खोकी येतात. चारींवर 'यूएसबी रेकॉर्डिंग' छापलेले असते आणि किमतीत मात्र दुपटीचा फरक असतो. खोक्यावरच्या त्या दोन शब्दांवरून काहीच ठरवू नका. कोणता रेकॉर्डर आपल्या कामाचा, हे आपल्या घरात चित्र कुठून येते त्यावर ठरते: दूरदर्शनच्या फ्री डिशवरून, रिचार्ज मारून घेतलेल्या डीटीएचवरून, की केबलवाल्याच्या वायरीतून. ते आधी पक्के करा. बॉक्स सर्वांत शेवटी घ्यायचा आणि बहुतेक घरांत तो खर्चातला लहान वाटा असतो. पैसे जातात ते डिस्क, वीज आणि रिचार्जवर.

चित्र कुठून येते?

डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेवरून होते. महिन्याचे पैसे नाहीत. यातले बरेच चॅनल कुलूपबंद नसल्यामुळे बाजारातला साधा बॉक्सही ते पकडतो आणि पेन ड्राइव्हवर उतरवतो. उतरवलेली फाइल संगणकावरही चालते. डीडी गोवा आणि सह्याद्री इथे मिळतात. बॉक्स घेताना एक गोष्ट बघा: तो डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून सिग्नल पाठवण्याची नवी पद्धत) आणि एमपेग-४ (चित्र दाबून लहान करण्याची नवी पद्धत) दोन्ही समजणारा हवा. जुना एमपेग-२ बॉक्स शेजारी कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका, त्यावर निम्मी यादी दिसणारच नाही. खासगी चॅनलना फ्री डिशवरची जागा लिलावातून मिळते, त्यामुळे यंदा दिसणारा मराठी चॅनल पुढल्या वर्षी गेलेला असू शकतो. एखाद्याच खासगी चॅनलवर डोळा ठेवून हा मार्ग धरला तर पुढे निराशा होते.

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी हवे असतील तर डीटीएच किंवा केबलला पर्याय नाही. हे चॅनल कुलूपबंद येतात आणि ते कुलूप उघडते फक्त कंपनीच्या बॉक्समध्ये. म्हणून रेकॉर्डिंगही त्याच बॉक्समध्ये करावे लागते. भारतात हा प्रकार नवा नाही, टाटा स्कायने २००८ सालीच आत हार्ड डिस्क असलेला 'प्लस' बॉक्स आणला होता. आता बहुतेक ठिकाणी डिस्क आपण बाहेरून लावायची असते. अशा बॉक्सवर उतरवलेली फाइल त्याच बॉक्सला बांधलेली असते. डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नाही. बॉक्स बिघडून बदलून मिळाला की जुनी रेकॉर्डिंग बहुधा वाया जातात. बॉक्स घेण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. रिचार्ज संपला तर जुने रेकॉर्डिंग दिसते का? बॉक्स बदलला तर ते चालते का? रेकॉर्डिंग सुरू करण्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि ते एकदाच की दर महिन्याला?

केबलचेही असेच. केबलवाल्याने दिलेल्या बॉक्सला यूएसबी पोर्ट असतो, पण पुष्कळदा तो फक्त बॉक्सचे सॉफ्टवेअर बदलण्यासाठी असतो. मेन्यूमध्ये 'रेकॉर्ड' किंवा 'पीव्हीआर' (म्हणजे रेकॉर्डिंगच) हा पर्याय प्रत्यक्ष उघडून दाखवायला सांगा.

घराच्या छपरावर जुनी अँटेना असेल तर तिच्या भरवशावर काही घेऊ नका. दूरदर्शनने ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले आहे. टीव्हीच्या माहितीपत्रकात 'डिजिटल ट्यूनर' (चॅनल पकडणारा भाग) लिहिलेले असले तरी तो कशाचा, अँटेनाचा की उपग्रहाचा, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत मोजू नका.

मुळात रेकॉर्डर हवा का?

हा प्रश्न टाळून खरेदी झाली की बॉक्स दोन महिन्यांत कपाटावर जातो. मोठ्या चॅनलच्या मालिका आता मोबाइलवर सापडतात: झी मराठीच्या झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. प्रसार भारतीचे 'वेव्हज' हे ॲप तर २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यातच, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला सुरू झाले. चांगले ब्रॉडबँड असलेल्या घराला फक्त चुकलेला भाग बघायचा असेल तर त्यांनी रेकॉर्डरवर पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डर खरा उपयोगी पडतो तो तीन प्रकारच्या घरांत. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर नेट पावसात दिवसदिवस रडते, तिथे. ज्या घरात वडीलधाऱ्यांना मोबाइलवर शोधाशोध जमत नाही, पण रिमोटची चार बटणे हातात बसली आहेत, तिथे. आणि जपून ठेवण्यासारखा कार्यक्रम असेल तेव्हा. गावच्या भजनी मंडळाचा किंवा नाट्यपथकाचा कार्यक्रम डीडी गोवावर एकदा लागतो आणि जातो. तो पुढे कुठे सापडेलच याची खात्री नसते, म्हणून लागतो तेव्हाच उतरवून घ्यायचा.

एक आठवड्याची यादी

कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला विचारून पुढल्या आठवड्यात काय काय उतरवायचे ते लिहा: चॅनल, वार, वेळ, लांबी, आणि बघून झाल्यावर पुसायचे की ठेवायचे. मग दोन गोष्टी शोधा. एकाच वेळी येणारे दोन कार्यक्रम आहेत का? आणि आठवड्याचे एकूण तास किती? पहिल्यावरून ट्यूनर एक हवा की दोन ते ठरते, दुसऱ्यावरून डिस्क.

एकच ट्यूनर असलेल्या बॉक्सवर रात्री आठची मालिका रेकॉर्ड होत असताना दुसरा चॅनल बघता येईलच असे नाही. उपग्रहावरून येणारे चॅनल गठ्ठ्यांनी येतात, एका फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा एकत्र. रेकॉर्ड होणारा आणि बघायचा असे दोन्ही चॅनल एकाच गठ्ठ्यात असतील तर एक ट्यूनर पुरतो. नसतील तर बॉक्स 'रेकॉर्डिंग थांबवू का?' असे विचारतो आणि घाईत कोणीतरी 'हो' दाबतो. घरातली निम्मी भांडणे इथेच होतात. दोन ट्यूनरचा बॉक्स घेतलात तर डिशपासून दोन वायरी आणि दोन तोंडांचा एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) लागतो, बॉक्सच्या किमतीत तो खर्च धरलेला नसतो. यादीत आठवड्याला एखादाच टक्कर असलेला कार्यक्रम असेल तर दोन ट्यूनरच्या मागे लागू नका. तो कार्यक्रम बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात, पुनःप्रक्षेपणाला टायमर लावा.

डिस्क किती मोठी, कोणती

हिशेब सोपा आहे. चित्राचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. एक मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे तासाला ४५० एमबी. साधे एसडी चित्र साधारण ३ मेगाबिटने येते, म्हणजे तासाला १.३५ जीबी. एचडी ८ मेगाबिट धरले तर तासाला ३.६ जीबी. हे आकडे चॅनलप्रमाणे खालीवर होतात, पण खरेदीसाठी पुरेसे आहेत.

रोज अर्ध्या तासाच्या चार मालिका, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १२ तास. एसडीत आठवड्याला १६ जीबी, एचडीत ४३ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कवर एसडी ३७० तास बसते, एचडी १३८ तास. बघून पुसणाऱ्या घराला ६४ जीबीचा पेन ड्राइव्हही चालतो: त्यात ४७ तास एसडी किंवा साधारण १७ तास एचडी. महिनाभर पेन ड्राइव्हवर चालवून बघा आणि मग डिस्क घ्या, हा सल्ला आम्ही प्रत्येकाला देतो. सवय लागली नाही तर पाच हजार वाचतात.

पेन ड्राइव्ह कायमचा उपाय नाही, याला कारण आहे. एचडीला सेकंदाला १ एमबी एवढाच वेग लागतो, तो कुठलाही पेन ड्राइव्ह देतो. पण स्वस्त पेन ड्राइव्ह लिहिता लिहिता मध्येच क्षणभर थांबतो, आणि बॉक्सची स्मृती छोटी असली तर तेवढा तुकडा गळतो. चित्र चौकटी चौकटींचे होते, आवाज तुटतो. शिवाय 'टाइमशिफ्ट' चालू असेल, म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून पुढे बघायची सोय, तर टीव्ही चालू असेपर्यंत त्यावर सतत लेखन होत राहते आणि तो लवकर झिजतो. पेन ड्राइव्ह लावला असेल तर मेन्यूत जाऊन टाइमशिफ्ट बंद करा.

बाहेरून लावायच्या २.५ इंची हार्ड डिस्कचा प्रश्न वेगळा आहे: वीज. यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतो. डिस्क फिरायला सुरुवात करताना तिला क्षणभर एक अँपिअरच्या आसपास लागू शकतो. लक्षणे ओळखीची आहेत. डिस्क 'टक टक' करते, टीव्हीवर 'यूएसबी काढला' असा संदेश येतो, किंवा रेकॉर्ड दाबताच बॉक्सच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक बॉक्स बदलतात, दोष तिथे नसतो. उपाय दोन: स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावायचा, किंवा स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी ३.५ इंची डिस्क घ्यायची. बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर हा त्रास होणार असे धरून चाला, १.५ किंवा २ अँपिअरचा असेल तर बहुधा होत नाही. जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावायला हरकत नाही, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत.

आणखी एक जागा जिथे नवखा अडकतो. डिस्क 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. एचडीत ती साधारण सत्तर मिनिटांत भरते. चांगला बॉक्स तिथे फाइल तोडून दुसरी सुरू करतो, वाईट बॉक्स रेकॉर्डिंग थांबवतो, आणि सामन्याची शेवटची षटके हातून जातात. बॉक्स एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फॉरमॅटच्या दुसऱ्या पद्धती मानत असेल तर त्यांतलीच निवडा. डीटीएचचा बॉक्स डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि तेव्हा आतले सगळे जाते. लग्नाचे फोटो असलेली डिस्क 'एकदा लावून बघू' म्हणून कधीही लावू नका.

वीज आणि पाऊस

रेकॉर्डरचे यश गोव्यात या दोन गोष्टींवर ठरते, म्हणून इथे हात आखडू नका.

पहिली सवय मोडायची ती भिंतीवरचा स्विच बंद करून झोपण्याची. रिमोटने बंद केलेला बॉक्स टायमरच्या वेळी जागा होतो, स्विच बंद असलेला होत नाही. स्विचवर कागदाची पट्टी चिकटवा: 'बंद करू नये'. बॉक्स आणि डिस्क मिळून १२ वॉट धरले तर अखंड चालू ठेवल्यास महिन्याला साधारण ९ युनिट पडतात. त्या तुलनेत एक चुकलेला कार्यक्रम महाग आहे.

वीज गेली तर? इथे एक सोय कामी येते. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टवर चालतात, डिशवरच्या एलएनबीला वीज बॉक्सच पुरवतो, आणि टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होतेच. म्हणून मोठा यूपीएस लागत नाही. वायफाय राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्ट २ अँपिअरचा छोटा यूपीएस बॉक्सला जोडला की वीज गेल्यावरही दीड-दोन तास काम चालते. घेताना बॉक्स सोबत न्या आणि पिन बसते का बघा. पिनची जाडी ५.५ मिलिमीटर असते पण आतले भोक २.१ किंवा २.५ असे दोन प्रकारचे असते. सैल बसलेली पिन धक्का लागला की निसटते. हबवाली किंवा ३.५ इंची डिस्क असेल तर तिच्या अडॅप्टरलाही बॅकअप लागतो, हे विसरू नका.

मेघगर्जना हा वेगळा विषय. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. तेव्हा घरी असाल तर मेनची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढा. फक्त मेन काढून उपयोग नाही, छपरावरची डिश आणि तिची वायरच वीज घरात आणते. डिशच्या दांड्याला अर्थिंग असावे.

जून ते सप्टेंबर मुसळधार पावसात चित्र जाणारच. डीटीएच आणि फ्री डिश दोन्ही केयू बँड या उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर येतात आणि दाट पाऊस या लहरी शोषून घेतो. बॉक्स त्याला काही करू शकत नाही, डिश करू शकते. ६० सेंटिमीटरच्या ऐवजी ९० ची डिश लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि मध्यम पावसात चित्र टिकते. कोरड्या दिवशी बॉक्सवरची 'क्वालिटी' पट्टी जेमतेम निम्मी असेल तर रिमझिममध्येही चित्र जाईल. मे महिन्यातच माणूस बोलावून डिश नीट करून घ्या, चवथीच्या आधल्या आठवड्यात कोणी मिळत नाही.

डिश, माड आणि चिऱ्याची भिंत

गोव्यातून जीसॅट-१५ कडे बघायचे तर होकायंत्रावर साधारण १२७ अंश, म्हणजे आग्नेयेपेक्षा किंचित पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून ६१ अंश वर. पेडणे ते काणकोण फरक नगण्य. मोबाइलचे होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ धरू नका, ते फसवते. उपग्रह एवढा उंच असल्याचा फायदा असा की समोरच्या इमारतीची अडचण कमी येते. अडथळा डिशच्या पातळीपेक्षा जितका उंच, त्याच्या साधारण ५५ टक्के अंतर सोडले की पुरते. डिशपेक्षा १५ मीटर उंच माड आग्नेयेला ८ मीटरच्या आत असेल तर झावळ्या आड येतात, त्याच्या पलीकडे असेल तर येत नाहीत. वाऱ्यात चित्र अधूनमधून तुटते आणि वारा पडला की स्वच्छ होते, हे लक्षण झावळीचे.

डिशचा पाया चिऱ्याच्या भिंतीत ठोकू नका. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात रॉल प्लग बसतो, पण दोन पावसाळे आणि वाऱ्याचे धक्के खाऊन सैल होतो, डिश अर्धा अंश हलते आणि क्वालिटी घसरते. काँक्रीटचा बीम, लिंटेल किंवा स्लॅब शोधा. मंगळुरी कौलांच्या घरात गॅलरीच्या खांबाला लोखंडी क्लॅम्प किंवा अंगणात सिमेंटात रोवलेला दांडा बरा. समुद्राजवळ, कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यात, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे दोन वर्षांत गंजून फिरेनासे होतात आणि मग डिश नीट करायची तर कापावी लागते.

डिशची वायर आरजी-६ प्रकारची घ्या, शक्यतो एकसंध. मध्ये जोड नको. एलएनबीच्या कनेक्टरवर रबरी टोपी आणि त्यावर पाणी न शिरणारी टेप. भिंतीतून आत जाण्याआधी वायरीला खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून टपकते आणि वायरीवरून घरात येत नाही. कनेक्टर उघडल्यावर आतली तार हिरवी-काळी पडलेली दिसली तर पुसत बसू नका. दोन इंच कापून नवीन कनेक्टर लावा.

खर्चाचा हिशेब

पुढले भाव अंदाजी आहेत. म्हापसा, मडगाव, फोंड्यात शंभर-दोनशेचा फरक पडतो, पण कुठे किती जाते ते यावरून कळेल.

फ्री डिशची नवी जोडणी: डिश आणि एलएनबी ६०० ते ९००, वायर व कनेक्टर ३५० ते ४००, रेकॉर्डिंगचा एचडी बॉक्स १,००० ते १,८००, एचडीएमआय वायर १५० ते २५०, बसवणावळ ४०० ते ६००, छोटा यूपीएस १,२०० ते १,८००, एक टीबी डिस्क ४,५०० ते ६,५००. बेरीज ८,२०० ते १२,२५० रुपये. डिस्कऐवजी ४००-६०० च्या पेन ड्राइव्हने सुरुवात केली तर ४,१०० ते ६,३५०. पुढे महिन्याला फक्त वीज.

डीटीएच आधीच घरी असेल तर रेकॉर्डिंगचा बॉक्स बदलून घेण्याचे १,५०० ते २,५००, माणसाची फेरी, यूपीएस आणि डिस्क. बॉक्स स्वस्त वाटतो, पण महिन्याला ४०० चा रिचार्ज धरला तर ३६ महिन्यांत १४,४०० होतात. घेण्याच्या दिवशीची किंमत बघू नका, तीन वर्षांची बेरीज बघा. आणि रिचार्जमध्ये कोणते चॅनल कधी बघितलेच नाहीत ते त्या आठवड्याच्या यादीवरून काढून टाका. यादीचा हा दुसरा फायदा आहे आणि अनेकदा त्यातूनच डिस्कचे पैसे निघतात.

पैसे कमी असतील तर कात्री कुठे लावायची? डिस्कच्या आकाराला लावा. ती वर्षभराने मोठी करता येते. दोन ट्यूनर सोडा. यूपीएस, वायर आणि बोल्ट मात्र सोडू नका.

तिसराही एक मार्ग आहे: संगणकाला उपग्रहाचा यूएसबी ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड किंवा नेक्स्टपीव्हीआर यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करणे. फ्री डिशच्या उघड्या चॅनलसाठी हा उत्तम, रेकॉर्डिंग संपूर्णपणे आपल्या हातात राहते. पण ट्यूनर इथल्या दुकानात सहसा मिळत नाही आणि घरात संगणकाची आवड असलेले कोणी नसेल तर पहिल्याच वेळी यात शिरू नका.

दुकानातच करून बघायचे

स्वतःचा रिकामा पेन ड्राइव्ह सोबत न्या. बॉक्सला लावून पाच मिनिटे रेकॉर्ड करा आणि त्या वेळात चॅनल बदलून बघा. मग तीन मिनिटांनी सुरू होणारा टायमर लावून रिमोटने बॉक्स बंद करा. तो आपणहून जागा झाला पाहिजे. शेवटची परीक्षा: रेकॉर्डिंग चालू असताना पिन ओढा आणि पुन्हा लावून फाइल उघडते का बघा. 'टीएस' प्रकारची फाइल करणारे बॉक्स यातून वाचतात, तुटेपर्यंतचा भाग शाबूत राहतो. काही बॉक्सवर सगळी फाइल जाते. वीज जाणाऱ्या गावात असा बॉक्स घेऊ नये. दुकानदाराकडे डिश जोडलेली नसेल तर 'चालला नाही तर आठ दिवसांत बदलून' हे बिलावर लिहून घ्या.

घरी जोडणी

१. डिश नीट झाल्यावर 'ऑटो' किंवा 'ब्लाइंड स्कॅन' (चॅनलचा आपोआप शोध) करा आणि न लागणारे चॅनल पुसा. यादी छोटी असली की टायमर लावताना चूक होत नाही.

२. वेळ पट्टा जीएमटी +५:३० करा. हे राहिले की टायमर साडेपाच तास चुकतो आणि सकाळी डिस्कवर भलताच कार्यक्रम सापडतो.

३. डिस्क बॉक्सवरूनच फॉरमॅट करा आणि रेकॉर्डिंगची जागा म्हणून निवडा.

४. टायमर सुरू ५ मिनिटे आधी, बंद १० ते १५ मिनिटे नंतर. सामना असेल तर तासभर जास्त. 'फक्त चॅनल बदला' आणि 'रेकॉर्ड करा' हे दोन वेगळे पर्याय असतात, दुसरा निवडला आहे ना ते बघा.

५. पहिला आठवडा रोज सकाळी फाइलचा शेवट बघा. सुरुवात नेहमी बरी असते, दोष शेवटी दिसतो.

स्वस्त बॉक्सवर कार्यक्रम-पत्रिका पुष्कळदा रिकामी दिसते. बिघाड समजू नका, हाताने वेळ भरून टायमर लावायचा.

बिघाड कसा ओळखायचा

टायमर लागलाच नाही तर आधी स्विच, मग घड्याळ तपासा. वीज येऊन-जाऊन झाल्यावर काही बॉक्सना सिग्नल मिळेपर्यंत वेळ कळत नाही. तेवढ्यात पाऊस असेल तर टायमर हुकतो, आणि यूपीएस असला की हा प्रश्नच येत नाही. फाइल आहे पण शून्य एमबी, तर त्या वेळी सिग्नल नव्हता किंवा चॅनलने फ्रिक्वेन्सी बदलली. पुन्हा स्कॅन करा आणि टायमर नव्याने लावा, जुना टायमर जुन्या जागेकडेच बघत राहतो. काही चॅनल गेले आणि काही राहिले, तर वायर किंवा एलएनबी. एलएनबीचे काम बॉक्सकडून मिळणाऱ्या १३ आणि १८ व्होल्टवर बदलते, गंजलेल्या कनेक्टरमध्ये ते व्होल्ट कमी होतात.

डीटीएच कंपनीच्या बॉक्सच्या एचडीएमआयला कॅप्चर कार्ड (त्यातून येणारे चित्र संगणकात उतरवणारे उपकरण) लावून रेकॉर्ड करता येईल, असे कोणी सांगितले तर त्यात पैसे घालू नका. त्या वायरीतून जाणारे चित्र संरक्षित असते आणि पडदा काळा राहतो. ते संरक्षण तोडणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा ठरू शकतो. स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड करायला मात्र त्याच कायद्याचे कलम ३९ मोकळीक देते. ती घरापुरती आहे. होमस्टेच्या पाहुण्यांना किंवा शॅकमध्ये गिऱ्हाइकांना रेकॉर्ड केलेला सामना दाखवणे त्यात बसत नाही.

जपायचे रेकॉर्डिंग बॉक्सच्या डिस्कवर पडू देऊ नका. फ्री डिशवरची टीएस फाइल त्याच आठवड्यात संगणकावर घ्या, व्हीएलसी या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून आवाज आहे का बघा, नाव बदलून त्यात चॅनल, तारीख आणि कार्यक्रम लिहा, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. ती डिस्क पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्या, आणि वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, लावून सगळ्या फाइल उघडतात ना ते तपासा.